आईची पेन्सिल आणि आलीसबाईंची गढी

आमच्या घरी कुठलीही सहल फायलीपासून सुरू होते. भारतीय पासपोर्टवर इंग्लंडात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. शेजारची मंडळी शनिवारी सकाळी उठून ‘चला फ्रान्सला’ म्हणतात आणि दुपारी तिकडे चीज खात बसतात. आपण मात्र दोन महिने आधीपासून नोकरीचं पत्र, बँकेचं स्टेटमेंट, इन्शुरन्स, हॉटेलचं बुकिंग, लग्नाचा दाखला असं सगळं एका फायलीत लावतो, भल्या पहाटे लंडनला कॉन्सुलेटसमोर रांगेत उभे राहतो, तेव्हा कुठे शेंगेन व्हिसाचा शिक्का मिळतो. आमची फाईल निळी आहे. या सहलीत जे झालं ते त्या फायलीमुळे झालं, म्हणून तिची ओळख आधी करून दिली.

२००६ चा मे महिना. आई साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे मिल्टन कीन्सला आली होती. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. जानेवारीत ती बाथरूममध्ये घसरून पडली आणि मला ते पंधरा दिवसांनी सांगितलं, तेही ‘काही नाही गं, आता बरं आहे’ अशा थाटात. त्या फोननंतर माझी झोप उडाली. मी एकुलती एक. मग मी मनाशी ठरवूनच टाकलं: आईला कायमचं इकडे आणायचं आणि साताऱ्याचा फ्लॅट विकायचा. माझा मामेभाऊ वकील आहे. त्याने विक्रीसाठी कुलमुखत्यारपत्राचा मसुदा करून पाठवला. आईने सही केली की पुढचं सगळं तो बघणार होता. आईला विचारायचं तेवढं राहिलं होतं.

“आधी विचार ना त्यांना,” माझा नवरा मिलिंद म्हणाला. “हे काय सरप्राइज द्यायची गोष्ट आहे का?”

“तिला जरा फिरवून आणू. मूड चांगला असला की विषय काढते,” मी म्हटलं आणि तो मसुदा निळ्या फायलीत सगळ्यात मागे, इन्शुरन्सच्या कागदांखाली सरकवून ठेवला. म्हटलं, तिकडे निवांतपणा असेल. नोकरीत मी लोकांची प्रोजेक्ट्स आखते, त्यामुळे घरच्या माणसांचीही आखून टाकते. ही खोड आहे, मला माहीत आहे.

पॅरिसला आईने आधीच नकार दिला होता. “गर्दी नको. एखादं गाव दाखव, जिथे लोक राहतात.” मिलिंदच्या ऑफिसातल्या एकाने उत्तर फ्रान्समधलं एक चिमुकलं गाव सुचवलं. कॅले बंदरापासून तीनेक तासांवर, चाळीसेक घरं, आणि टेकाडावर आठशे वर्षांपूर्वीची गढी. नकाशावर तो ‘कासल’ आहे, पण आपल्या डोळ्यांना ती गढीच दिसते. गावाचं नाव इथे देत नाही. का, ते पुढे कळेलच.

मेअखेरीच्या बँक हॉलिडेला, म्हणजे सोमवारच्या सुट्टीला, जोडून निघालो. शनिवारी पहाटे पाचला घर सोडलं. डब्यात तिखटामिठाच्या पुऱ्या, लिंबाचं लोणचं आणि शेंगदाण्याची चटणी. आमच्यासारखं गाडीने जाणाऱ्यांसाठी चार सूचना: गाडी ब्रिटनची आहे हे सांगणारा ‘जीबी’चा स्टिकर हवा, हेडलाइटवर लावायच्या पट्ट्या हव्यात, लाल त्रिकोण हवा, आणि बोटीचं तिकीट आधी काढून ठेवा. आम्हाला गाडीसकट जाऊन-येऊन साठेक पौंड पडले. शेवटच्या दिवशी गेलात तर हात पोळतील.

डोव्हरला बोटीत चढण्याआधीच फ्रेंच पोलिसांची चौकी असते. पुढच्या डाव्या सीटवर आई होती, गुडघ्यांना मोकळी जागा मिळावी म्हणून. पोलिसाने फक्त पासपोर्ट मागितले. आईने आख्खी फाईलच खिडकीतून पुढे केली.

“एव्हरीथिंग इज देअर, सर,” ती म्हणाली. तो बिचारा हसला, तीन पासपोर्ट घेतले, शिक्के मारले आणि फाईल परत तिच्या मांडीवर ठेवली.

इथे आईबद्दल सांगायला हवं. आईने एकतीस वर्षं भूमी अभिलेख कार्यालयात नोकरी केली. जमिनींचे नकाशे, उतारे, मोजणीचे कागद यांत तिचं आयुष्य गेलं. हातात आलेला कागद न वाचता ठेवणं तिला जमत नाही, मग ती साबणाच्या खोक्यावरची माहिती का असेना. तिच्या पर्समध्ये कायम पेन्सिलीचा एक तुकडा असतो. ऑफिसात तिचा नियम होता: दुरुस्ती आधी पेन्सिलीने, शाई मागून. अशा बाईच्या मांडीवर मी ती फाईल राहू दिली. ज्याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हेच.

बोटीचा प्रवास दीड तासाचा. आम्ही दोघं डेकवर पांढरे कडे बघायला गेलो. आई म्हणाली, “मला वाऱ्यात नको. मी सामानाजवळ बसते.” चहा घेऊन परत आलो तेव्हा ती खिडकीतून समुद्राकडे बघत होती. फायलीला तिने रबर लावून ठेवलं होतं.

“चहा अगदीच पाणचट आहे,” ती म्हणाली.

फ्रान्समध्ये उजवीकडून गाडी चालवायची. आम्ही मिल्टन कीन्सकर, राउंडअबाउट म्हणजे रस्त्यांवरचे गोल चौक आमच्याकडे पावलोपावली. पण तिथे राउंडअबाउटही उलट दिशेने. पहिल्यालाच मिलिंदला घाम फुटला. “उजवीकडे, मिलिंदराव, उजवीकडे,” आई शांतपणे सांगत राहिली, जणू आयुष्यभर तिकडेच गाडी हाकत होती. मोटरवेवर टोल असतो आणि टोलची खिडकी डाव्या बाजूला, म्हणजे आपल्या इंग्लंडच्या गाडीत शेजारी बसलेल्याच्या हाताशी. ते खातं आईने आपणहून घेतलं. सुटे युरो मोजून द्यायचे आणि दर वेळी पावती मागायची.

“आई, पावती लागत नाही हो, इथे कुणी चेक करत नाही,” मिलिंद म्हणाला.

“असू दे. कागद असावा हातात,” आई म्हणाली. मागच्या सीटवर मी उगाच चपापले. चोराच्या मनात चांदणं.

दुपारी गावात पोचलो. एक चर्च, एक खोलीची नगरपालिका, दुतर्फा विटांची घरं, आणि दुकान म्हणून एकही नाही. शाकाहारी मंडळींनी येतानाच मोठ्या गावात थांबून पाव, टोमॅटो, चीज, फळं घेऊन ठेवावीत, कारण रविवारी दुपारनंतर सगळा शुकशुकाट. आम्ही एका शेतकऱ्याच्या घरी खोल्या घेतल्या होत्या, खोलीला पंचेचाळीस युरो, नाश्त्यासकट. संध्याकाळी घरमालकिणीने मोठ्या प्रेमाने कांद्याचा टार्ट आणला. मांस नाही ना, असं मी दोनदा विचारलं, तिने दोनदा ‘नाही’ म्हटलं, आणि त्यात डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे निघाले. तिच्या हिशेबी ते मांसात धरत नाहीत. आईने तिला हातानेच ‘राहू दे’ अशी खूण केली आणि आपल्या पुऱ्या तिच्यापुढे केल्या. बाईने चार पुऱ्या खाल्ल्या, लोणच्याने डोळ्यांत पाणी आलं तरी हटली नाही.

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास भोंगा वाजवत पावाची गाडी आली. सगळं गाव पिशव्या घेऊन रस्त्यावर. आईसुद्धा रांगेत. तिथेच गढीची किल्ली सांभाळणाऱ्या मादाम इव्हेत भेटल्या. वय सत्तरीच्या पुढे, गावच्या शाळेत शिक्षिका होत्या, आता शाळाच बंद झाली. तरुणपणी दोन वर्षं इंग्लंडात लीड्सला फ्रेंच शिकवायला होत्या, त्यामुळे त्यांच्या इंग्रजीत तिकडचा ‘लव्ह’ ठायी ठायी.

“कम अलाँग, लव्ह,” त्या आईला म्हणाल्या. आईला आजवर एवढ्या सलगीने कुणी हाक मारली नसावी. ती लाजली, आणि निघालीच त्यांच्या मागे, पाव हातात घेऊन.

टेकाड चढायला पाच मिनिटं लागतात. भोवती कोरडा खंदक, त्यात खाजकुयलीसारखी अंगाला डसणारी झुडपं आणि तीन गाई. एक बुरूज उभा आहे, बाकी कमरेएवढ्या भिंती. मादाम इव्हेत सांगत होत्या आणि मी आईला मराठीत सांगत होते. आधी इथे नुसता मातीचा ढिगारा आणि त्यावर लाकडी मनोरा होता, मग दगडी बुरूज आला. इथला सरदार काही मोठा नव्हता, दोन-तीन गावांचा धनी. गावकऱ्यांनी त्याच्याच गिरणीत दळायचं, त्याच्याच भट्टीत पाव भाजायचा, आणि त्याबद्दल त्याला वाटा द्यायचा.

“पाणी कुठून आणायचे?” आईचा पहिला प्रश्न. सातारकर माणूस, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी राहणारं. गड दिसला की टाकं शोधणार. मादामनी तिला विहीर दाखवली, लोखंडी जाळीने बंद केलेली. आईने आत खडा टाकून ऐकलं आणि मान डोलावली.

मग आली आलीसबाईंची गोष्ट. आलीस ही त्या सरदाराची बायको. त्या काळी तिकडे लग्नाच्या दिवशी चर्चच्या दारातच नवरा बायकोला सांगायचा, की माझ्यामागे अमुक वाटा तुझा, तू जिवंत आहेस तोवर. आलीसच्या वाट्याला ही गढी आणि हे गाव आलं. नवरा गेला. मुलाला लांबच्या नातलगाकडून मोठा किल्ला मिळाला होता, त्याने आईला तिकडे बोलावलं. ती गेली नाही. मरेपर्यंत इथेच राहिली.

“का नाही गेली?” मी विचारलं. आवाज जरा चढलाच असावा, कारण मिलिंदने माझ्याकडे बघितलं.

“ते कागदात नाही, लव्ह,” मादाम म्हणाल्या. “कागदात एवढंच, की ती इथे होती.”

“कागद आहे?” आई इंग्रजीत म्हणाली. तिने माझ्या भाषांतराचीही वाट पाहिली नाही.

कागद नगरपालिकेत होता. रविवारी ती बंद, पण तिचीही किल्ली मादामकडेच. मूळ चर्मपत्र सरकारी दप्तरखान्यात आहे, इथे भिंतीवर त्याची फ्रेम केलेली प्रत. शेजारी लाकडी चौकटीत शिक्क्याचा फोटो: दोन्ही टोकांना निमुळता, बदामासारखा, आणि त्यात हातात फूल घेतलेली उभी बाई. चर्मपत्रावरच्या लॅटिन मजकुराचं मादामनी फ्रेंचमध्ये भाषांतर करून ठेवलं होतं, ते त्या इंग्रजीत सांगू लागल्या. मी आलीस, अमक्याची विधवा, सर्वांना कळवते, की माझी भट्टी मी माझ्यामागे गावाला देत आहे, माझ्या हयातीत ती माझ्याकडे राहील. तिची जागा अशी: गिरणीच्या ओढ्यापासून ओकच्या मोठ्या झाडापर्यंत, एका अंगाला पाववाल्या गोतिएचं घर, दुसऱ्या अंगाला विधवा मारीची बाग.

आई खुर्ची ओढून फ्रेमच्या अगदी जवळ बसली होती. चष्मा नाकाच्या टोकावर.

“चतुःसीमा लिहिलीय गं,” ती मला म्हणाली. तिचा चेहरा असा उजळला होता, की बाबा गेल्यानंतर मी तो तसा पाहिलाच नव्हता. “आपल्याकडे लिहितात तशीच. पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण. नुसतं जमीन म्हणून भागत नाही, शेजारी कोण ते लिहावं लागतं. त्याशिवाय जागा सापडत नाही. साक्षीदार कोण आहेत विचार.”

मादामनी नावं वाचली. पहिलंच नाव मुलाचं होतं.

“म्हणजे भांडण नव्हतं,” आई म्हणाली. “बोलावलं, ती गेली नाही, आणि तरी साक्षीला आला. चांगला होता मुलगा.” मग तिने विचारलं, “तिला वाचता येत होतं का?”

कदाचित नसावं, मादाम म्हणाल्या. पण शिक्का उमटवण्याआधी कारकून तिला सगळं मोठ्याने वाचून दाखवत असेल.

“बरोबर आहे,” आई मराठीत म्हणाली, माझ्याकडे न बघता. “मला कुणी वाचून दाखवलं नाही. मी आपलं मीच वाचलं. बोटीवर.”

मादाम इव्हेतना शब्द कळले नसतील, पण त्या शिक्षिका होत्या, चेहरे त्यांना वाचता येत होते. “मी कॉफी टाकते,” असं म्हणून त्या घरी गेल्या. मिलिंदही त्यांच्या मागोमाग सटकला, शहाणा माणूस.

आम्ही मायलेकी परत टेकाडावर गेलो आणि भिंतीवर बसलो. आईने पाव मोडला, त्यावर चटणी घातली आणि अर्धा मला दिला. रागावली असती तर बरं झालं असतं.

“आई, मी विचारणार होते,” मी म्हटलं.

“माहीत आहे मला. तू मला लुबाडणार नव्हतीस एवढं कळतं.” ती खाली गाईंकडे बघत होती. “कागदाचं वाईट नाही वाटलं. तू तो इन्शुरन्सच्या खाली ठेवलास, त्याचं वाटलं. माझ्यापासून कागद लपवलास. माझ्यापासून.”

मला रडू आलं. मी तिला सगळं सांगितलं. ती पडल्यापासून साताऱ्याचा नंबर फोनवर दिसला की आधी वाईटच कसं मनात येतं, पुढच्या वेळी कुणी पंधरा दिवसांनी तरी सांगेल की नाही. तिने ऐकून घेतलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिच्या हाताला चटणी होती, ती माझ्या कोटाला लागली.

“विचार करते,” ती म्हणाली. “घाई करू नकोस. वाचायला वेळ लागतो.”

निघताना मादाम इव्हेतनी माझ्याकडून एक वचन घेतलं. मी इंटरनेटवर प्रवासाचं लिहिते हे मिलिंदने फुशारकीने सांगून टाकलं होतं. “गावाचं नाव लिहू नकोस, लव्ह,” त्या म्हणाल्या. “किल्ली एकच आहे आणि माझे गुडघे दोनच.” तेव्हा ज्यांना खरंच जायचं आहे त्यांनी मला मेल करा, मी आधी मादामच्या गुडघ्यांची चौकशी करून मग कळवीन. गढी बघायला तिकीट नाही. दाराशी चर्चच्या छपरासाठी डबा आहे, त्यात काहीतरी टाका. आईने त्यांना एक पिवळा खण दिला. येताना पर्समध्ये तो कुणासाठी टाकला होता, तिलाच माहीत नव्हतं. मादामनी तो गळ्याभोवती गुंडाळला आणि दारात उभ्या राहून हात हलवत राहिल्या.

सोमवारी परतलो. कॅलेला बँक हॉलिडेची तुफान गर्दी, आमची बोट दोन तास उशिरा. आई म्हणाली, “फाईल दे गं जरा.” मी दिली. मग तिने पर्स उघडली आणि पेन्सिलीचा तुकडा बाहेर काढला. संपूर्ण समुद्र ओलांडेपर्यंत ती मान खाली घालून लिहीत होती. मी एकदाही वाकून बघितलं नाही, आणि माझ्यासारखीला ते किती जड गेलं असेल ते मला ओळखणाऱ्यांनीच समजून घ्यावं.

मिल्टन कीन्सला पोचलो तेव्हा अजून उजेड होता. मी वरणभाताचा कुकर लावला. आईने फाईल जेवणाच्या टेबलावर ठेवली, वरचं रबर काढलं आणि म्हणाली, “बघून घे. चुका फार आहेत त्याच्या मसुद्यात. वकील झाला, पण जागेवर जाऊन बघत नाही.” आणि ती आंघोळीला गेली.

मसुदा सगळ्यात वर होता. शाईने छापलेल्या ओळींच्या कडेला तिचं ते ऑफिसातलं बारीक, सुबक अक्षर. चतुःसीमेत मामेभावाने लिहिलं होतं: पूर्वेस जिना. आईने पुढे लिहिलं होतं: ‘जिन्यापलीकडे पाटील. रोज सकाळी दूध आणून देतात.’ उत्तरेस रस्ता. ‘रस्त्यापलीकडे वाचनालय. मंगळवारी आणि शुक्रवारी मी असते.’ दक्षिणेस फ्लॅट क्रमांक दोन. ‘डॉ. माने, दवाखाना खालीच. जानेवारीत त्यांनीच उचललं.’ पश्चिमेस मोकळी जागा. इथे तिने ‘मोकळी जागा’ या दोन शब्दांवर पेन्सिलीने दोनदा रेघ मारली होती. ‘मोकळी नाही. सुमनचं घर.’

सुमनमावशी आईची चाळीस वर्षांची मैत्रीण. ती शेजारी राहते हे मला माहीत होतं. पण आईला घराच्या चारही बाजूंनी माणसं आहेत हे मी कधी मोजलंच नव्हतं. मी फक्त बाथरूमच्या फरशा मोजत बसले होते.

शेवटच्या पानावर ‘विक्री’चं कलम पूर्ण खोडलेलं होतं. त्याखाली तिने लिहिलं होतं: ‘ताबा माझा, तहहयात. वर्षातून तीन महिने मुक्काम मिल्टन कीन्स. बाथरूममध्ये धरायला दांडी बसवून घेणे. पडल्यास त्याच दिवशी फोन करणे.’ आणि तळाशी, ‘साक्षीदार’ या शब्दापुढे, पहिल्या क्रमांकावर, माझं नाव. लग्नाआधीचं नव्हे, आत्ताचं, पूर्ण. सहीची जागा कोरी.

कुकरची तिसरी शिट्टी झाली. मी गॅस बंद केला आणि ड्रॉवरमध्ये शाईचं पेन शोधू लागले.